दानियल, सायकल चांगलीच होती

दानियल,

तुला मातीत ठेवून आज आठ दिवस झाले. तुझी सायकल तुझ्याच अंगणात गोणपाटावर उघडी पडली आहे, आणि ती उघडणारा मी आहे. मागचं चाक मी तीनदा जोडलं. तिन्ही वेळा बेअरिंगचे पाच छर्रे हातात उरले. ते कुठे बसवायचे हे तुला विचारण्याची सोय आता राहिली नाही, आणि रशीदभाई म्हणतात की तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाने असला प्रश्न कोणाला विचारूही नये.

तुझ्यावर लिहायला तुझ्या ख्रिस्ती मंडळीतलं कोणी बसलं असतं तर जास्त शोभलं असतं. मी तुझा देव कधी मानला नाही. तसा कोणताच मानला नाही, तुझ्यावर खास राग नव्हता. पण गोंडपिपरीच्या बसस्टँडसमोरच्या तुझ्या सायकल-दुकानात, पंक्चर काढता काढता तू येशूची बाजू मांडायचास आणि मी ती खोडायचो, हे बारा वर्षं चाललं. त्या बारा वर्षांत तू माझ्याकडून एका 'हो'ची वाट पाहिलीस. मी तो एकदाच म्हणालो, आणि नेमका तेव्हाच तू तो घेतला नाहीस. ते सांगायचंच आहे. पण आधी तुझी मूळ अडचण सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय आपली गाठच पडली नसती.

तुझी अडचण अशी होती की तुझ्यावर कोणी शंकाच घेत नव्हतं.

तू तयारीचा माणूस. देव आहे कशावरून, येशू मेला तर उठला कसा, चमत्कार खरे कशावरून, सगळ्याची उत्तरं तू पाठ करून ठेवली होतीस. दुकान बंद असलं की चित्रांचे तक्ते कॅरिअरला बांधून तू धानाच्या बांधांवरून गावोगावी जायचास. आणि आमचे लोक कसे? पाहुण्याचं मन मोडायचं नाही. तू तासभर बोलायचास, ते तासभर मान हलवायचे. "बरोबर हाय भाऊ. खरं हाय भाऊ. च्या घ्या." मग तुला वांगी बांधून द्यायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. वैनगंगेकाठच्या एका गावात तू एका शेतकऱ्याला येशूच्या चित्राचं कॅलेंडर दिलंस. पुढच्या खेपेला पाहिलंस तर त्याने ते देवळीत बाकीच्या सगळ्या देवांच्या रांगेत लावून, हळदकुंकू वाहून, समोर उदबत्ती लावलेली. तू विचारलंस तेव्हा तो आनंदाने म्हणाला, "इथी जागा होतीच ना जी."

हे तू मला सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा पडला होता. "सर, कोनी भांडलं तं मी समजावून सांगीन. हे तं भांडतच नाई. यायले काय सांगू?"

मग तू शंका-सभा काढलीस. नाताळ झाल्यावरच्या रविवारी, प्रार्थनेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ज्याला शंका असेल त्याने उभं राहून विचारावं. पहिल्या वर्षी साठेक माणसं आली. तू म्हणालास, "विचारा." सगळे तुझ्याकडे प्रेमाने पाहत बसले. बऱ्याच वेळाने एक म्हातारी उठली, तुझा जीव वर आला, आणि तिने विचारलं की रेशनची साखर यंदा कधी येणार आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी तू फाटकाशी उभा होतास. हात ग्रीसने काळे, पण शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. आपली तोवर ओळख काय, तर माझी सायकल तुझ्याकडे यायची, एवढीच.

"का जी सर, एक काम होतं."

"बोल."

"गावात सगळे मनते, भोयर सर काहीच मानत नाई. म्हनून आलो. तुमी आमच्या सभेले येऊन शंका घ्यान का?"

मला राग यावा की आनंद व्हावा हे कळेना. काही न मानल्याबद्दल मला लोकांनी टोमणे मारले होते, बायकोने, सुमनने, अबोला धरला होता. त्या गुणासाठी आमंत्रण पहिल्यांदाच आलं. मी चौदा प्रश्न लिहून काढले. पुढच्या सभेला शेडमध्ये गेलो तर तुझ्या बायकोने, मार्थाबाईंनी, दारात पाय धुवायला पाणी दिलं. आत मला खुर्चीवर बसवलं, आणि मी तोंड उघडायच्या आधी तू शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केलास. शंका घेणाऱ्याचा सत्कार! अंगावर शाल घेऊन मी तुझ्या देवाला चौदा प्रश्न विचारले. लोकांनी माझ्या प्रश्नांना टाळ्या वाजवल्या आणि तुझ्या उत्तरांनाही तेवढ्याच वाजवल्या. म्हातारी म्हणाली, दोघंही लय चांगलं बोलले.

त्यानंतर मी तुझ्या दुकानाला चिकटलोच. शाळा सुटली की सायकल तुझ्या भिंतीला लावायची, शेजारच्या हॉटेलातून रशीदभाई चहा पाठवायचे, आणि थोड्या वेळाने स्वतःच पंच म्हणून स्टुलावर येऊन बसायचे. त्यांचा निकाल ठरलेला असायचा. "दोनो की बात में दम है, लेकिन दोनो गलत." त्यांच्याकडे ईसा नबींबद्दल, म्हणजे तुझ्या येशूबद्दल, तुझ्याइतकाच आदर होता, पण तो क्रुसावर मेला ही गोष्ट त्यांना मंजूर नव्हती. त्यामुळे कधी कधी मी नुसता बसून राहायचो आणि तुम्हा दोघांचंच जुंपायचं.

त्रैक्य तू कसं समजावलंस ते आठवतं? बाप, पुत्र, पवित्र आत्मा, तीन असून एक. तू माझीच सायकल उलटी उभी केलीस. "हे पुढचं चाक, हे मागचं चाक, हे चेन. तीन हाय ना? पन सायकल किती? एक." तू असा हसलास की जणू मी बाप्तिस्म्याला पाण्यात उतरलोच.

मी म्हटलं, "पुढचं चाक काढलं तर उरते ती सायकल असते का?"

"नाई."

"म्हणजे नुसतं पुढचं चाक सायकल नव्हे. मग तुझा येशू पण तिसरा हिस्साच देव."

तू चाक फिरवत बसलास. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून एसटीने चंद्रपूरला गेलास, तिथल्या पास्टरसाहेबांना विचारलंस, आणि त्यांनी तुला चांगलंच झापलं. देवाचे सुटे भाग करणं हे चुकीचं शिक्षण आहे म्हणे. परत आल्यावर तू हे सगळं मला स्वतः सांगितलंस. मी विचारलं, मला कशाला सांगितलंस, मी कुठे चंद्रपूरला विचारायला जाणार होतो? तू म्हणालास, "तुमी बरोबर धरलं होतं ना जी. मंग सांगाच लागते." तुझ्याशी वाद घालण्यातली ही मोठी अडचण होती. माणूस जिंकल्यावर त्याला जिंकल्यासारखं वाटूच द्यायचा नाहीस.

मग तू पाण्याचं उदाहरण आणलंस. बर्फ, पाणी, वाफ. तोवर मी तुझं बायबल मन लावून वाचायला लागलो होतो, शत्रूची तयारी कळावी म्हणून. मी म्हटलं, "नदीत बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यात, आत्मा कबुतरासारखा वरून येतो आणि बापाचा आवाज आकाशातून. तिघं एकाच वेळी हजर. तुझं तेच पाणी एकाच वेळी बर्फ, पाणी आणि वाफ असतं का?" तू हरलास. रशीदभाईंनी प्रथमच एका बाजूने निकाल दिला. मी रुबाबात घरी गेलो. ह्या प्रकरणात मी एक गोष्ट लपवली होती, ती पुढे येईल.

पण येशूच्या उठण्यावर तू मला अडवलंस, हे कबूल करतो. मी म्हटलं होतं, शिष्यांनी मिळून गोष्ट रचली. तू ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे शोधत होतास. मान वर न करता म्हणालास, "रचाची होती तं बायाइले काऊन पुढं केलं? कबर रिकामी हाय हे पहिले कोनी पाह्यलं? बायाइनं. त्या टाइमले बाईची साक्ष कोनी धरत नव्हतं. खोटी साक्ष उभी करनारा मानूस चांगला वजनदार साक्षीदार नाई का आनत?"

मार्थाबाई तुझा डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बायाइनं सांगतलं तं शिष्यायले खरंच नाई वाटलं. आमच्या घरी आजबी तसंच हाय." रशीदभाई हसता हसता स्टुलावरून घसरले.

मी हार मानायला तयार नव्हतो. म्हटलं, चुकीच्या गोष्टींसाठीही माणसं जीव देतात. तू म्हणालास, "देतेत ना. त्यायले थे खरं वाटते म्हनून देतेत. पन आपनच रचलेल्या खोट्यासाठी कोन मरते? खोटं बोलनारा जीव वाचवाले पाहते." मी म्हटलं, त्यांना भास झाला असेल. तू म्हणालास, सगळ्यायले एकच भास? तेवढ्यात चंद्रपूरची गाडी लागली, एकाच्या सायकलची हवा गेली आणि आपला वाद तिथेच राहिला. पुढे तो दहा-पंधरा वेळा निघाला आणि दर वेळी भासापाशी येऊन अडला. माझं म्हणणं अजून तेच आहे. फक्त समोरून बोलणारं कोणी नाही, आणि त्यामुळे ते म्हणणं मला पूर्वीइतकं मजबूत वाटत नाही.

आणि तुझं ते घमेलं! दुकानाच्या दारातलं, गढूळ पाण्याचं. कोणी गिऱ्हाईक म्हणालं की ट्यूब चांगली आहे, फक्त हवा भर, तर तू ऐकायचा नाहीस. आधी पाण्यात. माझा मुद्दा तुला पोकळ वाटला की तू तोंडाने काही बोलायचा नाहीस, नुसतं बोट घमेल्याकडे करायचास. बुडबुडा आला, असा त्याचा अर्थ. मीही तुझ्या मुद्द्यांना तेच करायला शिकलो. रशीदभाईंचं गिऱ्हाईक बघत राहायचं, दोन मोठी माणसं बोलता बोलता एकदम गप्प होऊन घमेल्याकडे बोटं काय दाखवतात.

सुमन गेली ते वर्ष तुला आठवतं. धानाच्या रोवण्या आटोपल्या होत्या. तिला ताप आला, आम्ही साधा धरला, आणि तो मेंदूला चढणारा मलेरिया निघाला. जीपने चंद्रपूरला नेताना ती वाटेतच गेली. मला माझ्या कोणत्याही पुस्तकाचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी तू आलास. ओसरीवर पाहुणे होते, त्यांच्यादेखत मी तुझ्यावर ओरडलो. "सांग, कुठे होता तुझा देव? तुझ्याकडे उत्तर आहे ना? दे."

तुझ्याकडे उत्तर होतं, दानियल. मला पाठ होतं ते. माणसाला दिलेलं स्वातंत्र्य, बिघडलेलं जग, स्वतः दुःख भोगलेला देव. तीन शंका-सभांत तू ते दिलं होतंस आणि मी तीनदा खोडलं होतं. मी वाट पाहत होतो की तू ते म्हणशील आणि मग मी तुला घराबाहेर काढीन. तू तोंड उघडलंस, मिटलंस, आणि म्हणालास, "मले नाई माहीत, सर."

मग तू इकडेतिकडे पाहिलंस. भिंतीला माझी सायकल होती. तू ती अंगणात घेतलीस, पिशवीतून पान्हा काढलास आणि तिचं ओव्हरहॉलिंग करायला बसलास. चाकं काढली, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, ग्रीस भरलं, सगळं जोडलं, आणि दिवे लागायच्या आत निघून गेलास. दुसऱ्या दिवशी सकाळी परत. परत सगळी सायकल उघडलीस. तेरवीपर्यंत तू रोज आलास आणि एका चांगल्या सायकलचं दहा-बारा वेळा ओव्हरहॉलिंग केलंस. बातमी पसरली की सरांच्या अंगणात मेकॅनिक बसतो, तेव्हा दोघं आपल्या सायकली घेऊन आले. तू त्यांना म्हणालास, "आज दुकान बंद हाय."

दहाव्या की अकराव्या दिवशी मी बाहेर येऊन म्हटलं, "दानियल, सायकल चांगली आहे रे."

तू म्हणालास, "होय जी. मले मालूम हाय."

आणि चेन काढायला लागलास. तेव्हा मी हसलो. सुमन गेल्यानंतर पहिल्यांदा. त्या तेरा दिवसांत मी रोज सकाळी तुझ्या घंटीची वाट पाहायचो. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगायला पुढे सात वर्षं होती, तरी सांगितलं नाही.

नंतर आपला वाद पुन्हा सुरू झाला, पण दुःखाच्या त्या प्रश्नावर तू शंका-सभेत पाठ केलेलं उत्तर देणं बंद केलंस. कोणी विचारलं की आधी म्हणायचास, मले पूर्ण माहीत नाई. मग जेवढं माहीत आहे तेवढं सांगायचास. खरं सांगतो, तेव्हापासून तुझं बोलणं खोडणं मला फार जड गेलं.

मग तुला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अख्खी नव्हे. एक शब्द उरला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एखादाच शब्द तोंडात राहतो. आणि तुझ्या तोंडात राहिला तो कोणता, तर 'नाई'. इतकी वर्षं माझ्या तोंडून 'हो' ऐकायला बसलेला तू, आणि तुझ्याकडे उरला माझा शब्द. मी तुझ्या खाटेशी बसून आधी रडलो, मग हसलो, आणि तू अर्ध्या तोंडाने माझ्या दुप्पट हसलास. मार्थाबाई विचारायच्या, "जेवता का?" तू म्हणायचास, "नाई," आणि तोंड उघडायचास.

त्या वर्षी शंका-सभा बंद राहील असं सगळ्यांनी धरलं होतं. मार्थाबाईंनी ती भरवलीच. तुला खाटेसकट शेडमध्ये आणलं. मी सवयीने उठलो आणि माझा पहिला प्रश्न विचारला. सगळे तुझ्याकडे पाहायला लागले. तू म्हणालास, "नाई." मग मला राहवेना. मी म्हटलं, "दानियल इथे असं म्हणाला असता..." आणि तुझं उत्तर दिलं. मग दुसरा प्रश्न. त्याचंही उत्तर. चौदा प्रश्न मीच विचारले, चौदा उत्तरं मीच दिली. एका ठिकाणी तू डाव्या हाताने खाट बडवलीस. मी तुझा मुद्दा कच्चा मांडला होता, तो परत नीट मांडला. चंद्रपूरचे पास्टरसाहेब त्या दिवशी मुद्दाम आले होते. ते माझा हात धरून म्हणाले, "सर, आमच्यापेक्षा चांगलं सांगितलंत. मग बाप्तिस्मा कधी घेताय?"

मी काही म्हणायच्या आत खाटेवरून आवाज आला, "नाई!" आणि सगळी शेड हसली. म्हातारी म्हणाली, यंदा सर एकटेच दोघांएवढं बोलले.

असं दोन वर्षं चाललं. मागच्या महिन्यात तू अन्न कमी केलंस. तेव्हा मार्थाबाईंनी मला फाटकाशी गाठलं. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाल्या, "सर, तुमाले एक मागू का? त्याइच्या मनात तुमचंच हाय. एकडाव हो म्हना ना जी. खरं नसन तरी चालते. मानसाले समाधानानं जाऊ द्या."

बारा वर्षं मी तुझ्याशी एकही खोटं बोललो नव्हतो. आपलं सगळं त्यावर उभं होतं. पण त्या बाईने माझ्याकडे कधी एक कप चहाही मागितला नव्हता. मी आत गेलो. तुझी खाट दाराशी होती, बाहेर अंगण दिसत होतं. मी तुझा डावा हात धरला, पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं. "दानियल, मी विचार केला. मी मानतो. तुझा देव मी मानतो."

तू माझ्याकडे पाहिलंस. मार्थाबाई दाराआड पदर तोंडात धरून उभ्या होत्या. मग तू माझ्या हातातून हात सोडवलास आणि अंगणाकडे बोट केलंस. दुकान बंद झाल्यावर तुझं सामान घरी आणलं होतं. त्यातलं ते घमेलं अंगणात होतं, कोंबड्यांना पाण्यासाठी. तुझं बोट त्या घमेल्याकडे होतं.

"नाई," तू म्हणालास.

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दाराआड मार्थाबाईंना हसू फुटलं आणि रडूही फुटलं. "जाऊ द्या सर," त्या म्हणाल्या, "त्याइच्यापुढं फुटकी ट्यूब नाई टिकत."

मग मला काहीतरी खरं सांगणं भाग होतं. मी ते सांगितलं. "ऐक. पाण्याचं तुझं उदाहरण आठवतं? बर्फ, पाणी, वाफ एकाच वेळी नसतात म्हणून मी तुला हरवलं होतं. असतात, दानियल. ठरावीक थंडी आणि अगदी कमी दाब असला की एकाच भांड्यात तिन्ही एकाच वेळी नांदतात. विज्ञानात आहे ते. मला तेव्हाही माहीत होतं. मी बोललो नाही. हरायचं नव्हतं म्हणून."

तू डोळे मोठे केलेस. मग हसायला लागलास. अर्धं तोंड हसत होतं, दोन्ही डोळे वाहत होते, डाव्या हाताने तू खाट बडवत होतास. तुला हे रशीदभाईंना कळवायचं होतं. मी लगेच जाऊन त्यांना घेऊन आलो. त्यांनी सगळं ऐकलं, मांडी ठोकली आणि इतक्या वर्षांनी आपला निकाल बदलला. मला म्हणाले, "मास्टर, आप बेईमान निकले." त्या आनंदात तू दीड भाकर खाल्लीस. आपलं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर तू बहुतेक झोपूनच होतास.

मातीच्या वेळी तुझा धाकटा भाऊ बल्लारपूरहून आला होता. पेपर मिलमधून सुटी काढून तसाच आलेला, रागाने फुललेला. त्याने तुझी येशूची वाट कधीच सोडली होती. प्रार्थना चालू असताना तो मोठ्याने म्हणाला, "मले कोनी सांगा. हा जिंदगीभर त्याचंच बोलला. त्यानं ह्याचीच जीभ काऊन घेतली? दोन वर्सं?" पास्टरसाहेबांनी पुस्तक मिटलं, आणि देवाच्या योजनेबद्दल काही म्हणायला लागले. तो म्हणाला, "तुमी राहू द्या." मग सगळी शेड, ती म्हातारीसुद्धा, माझ्याकडे वळून पाहायला लागली. त्यांना सवय झाली होती. दानियलची उत्तरं सरांकडे असतात.

आणि होती, दानियल. सगळी होती. स्वातंत्र्य, बिघडलेलं जग, दुःख भोगलेला देव. मी तोंड उघडलं. तुझ्या भावाचा चेहरा पाहिला. तो माझ्यासारखाच उभा होता, मी ओसरीवर उभा होतो तसा.

"मले नाई माहीत," मी म्हटलं.

तीस वर्षं शाळेत शुद्ध बोललो, पण तेव्हा तोंडातून तुझंच बोलणं आलं. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. माती द्यायच्या वेळी सर्वात आधी त्यानेच मूठ टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या घरी गेलो. मार्थाबाई ओसरीवर बसून होत्या, डोळ्यांत पाणी नव्हतं, बोलणं नव्हतं. शेजारणी सांगत होत्या की रडत नाही, जेवत नाही. मी काय बोलणार? भिंतीला तुझी सायकल होती. मी तुझ्या पेटीतून पान्हा काढला आणि मागचं चाक उघडलं. तेव्हापासून रोज येतो. मला तू नुसता वाद घालायला शिकवलंस, चाक जोडायला शिकवलं नाहीस, त्यामुळे हे पाच छर्रे.

आज रशीदभाई पण चहाची किटली घेऊन आले. स्टूल नव्हतं म्हणून पालथ्या घमेल्यावर बसले, आणि माझं काम बघून म्हणाले की आता ही सायकल खुदाच्याच भरवशावर चालेल. मी म्हटलं, तुम्ही तरी गप्प बसा. तेवढ्यात मार्थाबाई ओसरीवरून उतरून आल्या. गोणपाटाशी उभ्या राहून सगळे सुटे भाग पाहिले. मग माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं.

"सर," त्या म्हणाल्या, "सायकल तं चांगली होती ना जी?"

"हो," मी म्हटलं. "मले मालूम हाय."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. त्यांना ते आठवलं, कारण तू घरी जाऊन त्यांना सांगितलं असशीलच. त्या तिथेच जमिनीवर बसल्या, पदर डोळ्यांना लावला, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या. रशीदभाईंनी चहा ओतून त्यांच्यापुढे ठेवला. बऱ्याच वेळाने त्यांनी कप उचलला, पाच छर्रे माझ्या हातातून घेऊन वाटीतल्या रॉकेलमध्ये टाकले आणि म्हणाल्या, "मंग सावकाश करा. घाई काय हाय?"

म्हणून आज मी पुढचं चाकही काढलं.